सोसायची गोळी

काचेचं काम करणाऱ्या माणसाला कापल्याचं काही वाटत नाही. काचवालीच्या दोन्ही हातांवर बावीस वर्षांच्या कामाच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. कापलं की हात नळाखाली धरायचा, पट्टी गुंडाळायची आणि पुढची काच टेबलावर घ्यायची. तिसऱ्या दिवशी खपली, आठवड्याभरात विसर. स्वतःच्या कातडीवर तिचा फार भरवसा होता.

म्हणून डाव्या अंगठ्याच्या बुडाशी झालेली एवढीशी जखम दुसऱ्या आठवड्यातही उघडीच राहिली, तेव्हा ती घाबरली नाही, चिडली. जखम खोलही नव्हती. आरशाची कड घासताना कागद सरकला आणि कड लागली, एवढंच. पण खपली धरायची, दोन दिवसांत ओली होऊन निघून यायची आणि आतलं लाल पुन्हा वर. मग जखमेतून पाणी यायला लागलं. ओठावर फोड आले, ते बसेपर्यंत सर्दी झाली, सर्दी जाते न जाते तोच परत फोड. सातव्या आठवड्यात सुतारकाका म्हणाले, "तुझा तो हात बघवत नाही. गिऱ्हाइकासमोर एकतर खिशात घालत जा, नाहीतर डॉक्टरकडे घेऊन जा."

दुकान सुतारकाकांचं. ते लाकडाच्या चौकटी करत, ती काच कापून बसवत असे. मागच्या खोलीत त्यांची करवत आणि पुढे हिचं लोकरीचं कापड अंथरलेलं मोठं टेबल. दोघांत दिवसाला वीस वाक्यं झाली तरी डोक्यावरून पाणी. त्यामुळे काका एका दमात एवढं बोलले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"जाते उद्या," ती म्हणाली.

"उद्या म्हणजे आज. आणि दुसरं सांगतो. परवाच्या त्या आरशाचं माप छत्तीस होतं. तू त्रेसष्ट कापलास."

हेच तिला नको होतं. जखम दिसत होती, ती सगळ्यांना दिसू दे. पण आकडे उलटे होणं, काच कापायचा हिरा हातात धरून तो टेबलभर शोधणं, जिन्यात मध्येच थांबून आपण वर चाललोय का खाली हे न आठवणं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कारण वर, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात, आईचंही असंच सुरू झालं होतं. चार वर्षांपूर्वी आईनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. आता आई तिला मुलगी म्हणून ओळखत नव्हती. आपली थोरली बहीण समजून 'ताई' म्हणायची, अहोजाहो करायची. सकाळी जखम दिसली की "ताई, भाजलं का हो?" म्हणून फुंकर घालायची, आणि दुपारी पुन्हा पहिल्यांदाच दिसल्यासारखी घाबरायची.

काचवाली दर तासाला काम टाकून तीन जिने चढे, आई ठीक आहे का बघे, आणि उतरताना बाहेरून कडी घाले. एकदा आईनं गॅस उघडा टाकला होता आणि वास पार खाली दुकानापर्यंत आला होता, म्हणून कडी. आईला आवाज जाऊ नये म्हणून ती कडी बोटानं हळू सरकवी. रात्री आई चारपाच वेळा उठे आणि "मला घरी सोडा" म्हणे. सलग दोन तास झोप कधी झाली होती, ते काचवालीला आठवत नव्हतं.

तिला एक मोठा भाऊ होता. तो बसनं चार तासांच्या अंतरावरच्या शहरात मोठ्या कचेरीत होता. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येई. "आई जेवली का? औषध दिलंस का? तिला जरा चालवत जा, चिमणे." चिमणी आता सेहेचाळीस वर्षांची होती. तीन महिन्यांतून एका रविवारी तो फळं घेऊन येई, आईजवळ बसे आणि जाताना बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "तू आहेस म्हणून निभावतंय." हे ऐकायला बरं वाटे, हीच मोठी पंचाईत होती.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, दाबली, धुतली. रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी कागद हातात घेऊन म्हणाल्या, "साखर नाही. रक्त कमी नाही. आता जखम राहू दे बाजूला. घरी काय चाललंय ते सांग."

"घरी काय? काही नाही. आई असते."

"आई असते म्हणजे?"

तिनं सांगायला सुरुवात केली ती सहज, बसचं वेळापत्रक सांगावं तशी. कडीपाशी आली आणि पुढचं वाक्य तिनं दोनदा सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, शेवटचं हसू कधी आलं ते विचारलं. मग सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"मरावंसं नाही वाटत," ती म्हणाली. "पण उठावंसंही वाटत नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"हे बघ. मागे वाघ लागला की शरीर काय करतं? पळायची तयारी. काळीज धडधडतं, रक्तात कॉर्टिसॉल नावाचं एक रसायन वाढतं, आणि पळण्याशी ज्याचा संबंध नाही ती सगळी कामं मागे पडतात. वाघ मागे असताना घराची डागडुजी करत कोण बसतं? वाघ गेला की डागडुजी पुन्हा सुरू. तुझा वाघ चार वर्षं गेलेलाच नाही. जखम भरणं, सर्दीशी लढणं ही ज्यांची कामं, त्या रक्तातल्या पेशींना धड हुकूमच मिळत नाहीत. कधी नको तिथे भडकतात, कधी हवं तिथे ढिम्म बसतात. आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात, हे मापून बघितलेलं आहे. तुझ्या एकटीचं नाही."

"आणि डोकं?" तिनं विचारलं. विचारताना तिनं टेबलाची कड धरली होती. "मी आकडे उलटे कापते. वस्तू हरवतात. माझं आईसारखं होतंय का?"

"नाही." बाई एकदम म्हणाल्या आणि मग थोडं थांबून, "आज तुला तपासून जे दिसतंय त्यावरून, नाही. तोच ताण मेंदूलाही लागतो. नवीन गोष्ट लक्षात ठेवणारा जो भाग आहे, तो अशा माऱ्याखाली नीट चालत नाही, थोडा आक्रसतोसुद्धा. पण आईचं जे गेलं ते परत येत नाही. तुझं बरंचसं परत येऊ शकतं. फरक आहे तो हा."

काचवाली रडली नाही. टेबलाची कड मात्र तिनं सोडली.

बाईंनी उदासीवरची गोळी लिहून दिली. रोज एक, सकाळी. पहिले आठ दिवस अर्धी. मळमळेल, तोंड कोरडं पडेल, जांभया येतील. फरक पडायला चार ते सहा आठवडे. हात थरथरेल कदाचित, तेव्हा आठ दिवस कापायचं काम नको. "आणि गोळीनं आई बरी होणार नाही, भाऊ शहाणा होणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळी फक्त तुझ्या पायाखाली थोडी जमीन देईल. उभं तुलाच राहायचंय."

सुतारकाकांना तिनं खरं ते सांगितलं, कारण आठ दिवस कापायचं नाही याला दुसरं कारण सुचेना. काकांनी रंधा थांबवला. "डोक्याची गोळी?"

"हो."

"माझी रक्तदाबाची आहे. सकाळची का संध्याकाळची?"

"सकाळची."

"मग एकमेकांना आठवण करू. मी रोज विसरतो." आणि रंधा पुन्हा सुरू झाला. त्या आठ दिवसांत तिनं तावदानांच्या कडांना काच घट्ट धरणारी लांबी भरली, आरसे पुसले, आणि जांभया देऊन देऊन जबडा दुखवून घेतला.

अडीच आठवड्यांनी दादाचा रविवार आला. आईच्या औषधांच्या डब्यात त्याला गोळ्यांची एक वेगळी पट्टी दिसली. फोनवर नाव शोधलं, वाचलं, आणि तो स्वयंपाकघरात आला तो पट्टी दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरावं तशी.

"हे आईला देतेस तू?"

"माझी आहे."

"तुझी? वेड्यांच्या गोळ्या आहेत या!"

"हळू बोल. आई ऐकतेय."

"चिमणे, अगं तू एवढी खंबीर! तुला कशाला हे? एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. माणूस दगड होतो यांनी. उद्या तुला काही झालं तर आईकडे कोण बघणार?" मग त्यानं आवाज खाली आणला, आणि तेच जास्त लागलं. "घरात एकीचं डोकं गेलंय, ते पुरे नाही का?"

ती भांडी घासत होती. घासत राहिली. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते घशापर्यंत यायला जो जोर लागतो तो अजून अंगात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी घेतली नाही. "घेतली का?" म्हणून काकांनी विचारलं, तर होकाराची मान हलवली. काकांची मात्र घेतली गेली.

चौथ्या दिवशी डोकं वळवलं की आत वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. डोळे फिरवले तरी तेच. पाचव्या दिवशी औषधाच्या दुकानाची मोठी दर्शनी काच कापायची होती. तिच्या उंचीइतकी. हिरा ओढून झाला, रेघ अगदी सरळ आली, आणि काच टेबलाच्या कडेला आणून तोडणार तोच आत वीज चमकली. पाय गेले. काच रेघेवर तुटायची ती वाटेल तशी तुटली, अर्धी टेबलावर, अर्धी जमिनीवर. काका मागच्या खोलीतून धावत आले आणि त्यांनी तिला दंडाला धरून काचांतून बाहेर काढलं. दोघांपैकी कुणालाही लागलं नाही, हे दोघांनाही बराच वेळ पटेना.

"किती दिवस घेतली नाहीस?" काकांनी विचारलं.

"पाच."

काकांनी दुकानाचं दार ओढलं, शेजारणीला आईजवळ बसायला सांगितलं आणि काचवालीला दवाखान्यात नेऊन सोडलं.

डॉक्टरीणबाई सगळं ऐकून रागावल्या. "सुरू करताना मला विचारलंस. बंद करताना भावाला? तो कुठला डॉक्टर?"

"तो म्हणाला, सवय लागते."

"सवय दारूची लागते, रोज जास्त हवीशी वाटते. याचं तसं नाही. पण मेंदू या गोळीशी जुळवून घेत असतो. ती एकदम काढून घेतली की तो असा झटके देतो. बंद करायची तेव्हा आपण हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं कमी करत बंद करू. पण ती वेळ मी आणि तू ठरवू. भाऊ नाही, शेजारी नाही, आणि घाबरून तर नाहीच नाही."

ती घरी आली, गोळी घेतली आणि पट्टी ठेवली ती डब्यात नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर घड्याळाखाली खिळा होता, त्याला टांगली. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं.

पुढचे पाच आठवडे काही नाट्यमय झालं नाही. एक दिवस तिला चहाची चव लागली. लागली म्हणजे, चहा रोज पीतच होती, पण त्या दिवशी तो चांगला झालाय हे कळलं. दुसऱ्या दिवशी छत्तीस हे छत्तीसच कापलं गेलं आणि ते कापून होईपर्यंत तिला त्याची काळजी वाटली नव्हती. आई झोपली की आता तिलाही झोप येई, आई उठली की ती उठे आणि परत झोपे. पूर्वी ती जागीच राहून पुढच्या हाकेची वाट बघत पडायची. जखम मात्र अजून पुरती मिटली नव्हती. कडा आत सरकल्या होत्या, मध्ये डाळीएवढं लाल होतं.

आणि एक गोष्ट झाली जी तिच्या ध्यानीमनी नव्हती. तिला वाटलं होतं गोळीनं आपण शांत होऊ. दादा म्हणाला तसं दगड होऊ. झालं उलटंच. तिला राग यायला लागला. आधी थोडा, मग चांगला भरघोस. आईचा नाही. आईच्या ओल्या चादरी बदलताना राग येत नव्हता. यायचा तो संध्याकाळी सातला.

"चिमणे, आवाज बरा वाटतोय तुझा," एका संध्याकाळी दादा म्हणाला.

"गोळी परत सुरू केली मी. सात आठवडे झाले."

तो हसला. "अगं मग चांगलंच आहे की! मी वाचलं नंतर. आमच्या कचेरीतही घेतात दोघंतिघं. घे, घे. बंद नको करू. आता तुला सोसेल सगळं."

"सोसेल?"

"म्हणजे आईचं गं. आता काळजी मिटली. ते मी म्हणत होतो ना, एक महिना आईला इकडे आणू, ते आता जरा पुढे ढकलू. तू सावरलीस म्हटल्यावर घाई नाही. इकडे जागेचा प्रश्न आहे, हिच्या शिकवण्या असतात..."

तो बोलत राहिला. काचवालीनं फोन कानापासून थोडा दूर धरला. तिला एकदम स्वच्छ दिसलं, नवीन तावदान बसवल्यावर समोरची भिंत दिसते तसं. आधी गोळी नको होती, कारण घरातली सोसणारी बाई वेडी ठरायला नको. आता गोळी हवी होती, कारण सोसणारी बाई आणखी दहा वर्षं चालेल. दोन्ही वेळा विचार तिचा नव्हताच.

"दादा," ती म्हणाली, "शनिवारी घरी आहेस ना?"

"आहे की. का?"

"सहज."

शनिवारी सकाळी सातच्या बसला ती आईला घेऊन बसली. एक बॅग कपड्यांची, एक औषधांची. आई खिडकीपाशी बसून प्रत्येक थांब्यावर "आलं का हो ताई?" विचारत होती आणि काचवाली प्रत्येक थांब्यावर "पुढचं" म्हणत होती. मागच्या बाकावरच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "बहिणी का तुम्ही?" आईनंच उत्तर दिलं, "या थोरल्या. लग्न केलं नाही यांनी. फार तापट." काचवालीला इतकं हसू आलं की बॅग मांडीवरून घसरली.

साडेअकराला दादाच्या दाराची घंटा वाजली. दार वहिनीनं उघडलं. ओल्या हातात फडकं, कपाळावर घाम. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग नणंदेकडे.

"न सांगता?" वहिनी म्हणाली.

"सांगितलं असतं तर यायला मिळालं नसतं."

दादा आतून आला तो हातातलं वर्तमानपत्र घेऊन. "अरे! आई! काय हे, एक फोन तरी..."

"दोन महिने," काचवाली म्हणाली. ती अजून उंबऱ्यातच उभी होती. "आई दोन महिने तुझ्याकडे. मग मी न्यायला येईन. दोन माझे, दोन तुझे."

"आत तर ये. बसून बोलू."

"बसले की तू समजावशील. उभ्यानंच बोलते."

वहिनीनं सासूला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "वन्सं, एक विचारू? तुमचं सगळं खरं. पण हे सकाळी नऊला जातात ते रात्री आठला येतात. म्हणजे दोन महिने तुमच्या दादाचे नाहीत. माझे. तुम्ही सुटणार आणि मी अडकणार, होय ना?"

याचं उत्तर काचवालीनं बसमध्ये चार तास तयार केलं होतं. ती वहिनीला म्हणाली, "नाही. तुमच्याकडे मी काही मागायला आलेच नाही. आई तुमची नाही, याची आहे." आणि औषधांची बॅग तिनं दादाच्या हातात दिली, वर्तमानपत्रावरच. "यात कागद आहे. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं. अंघोळ तू घालायची. चादर तू बदलायची. रात्री उठली की तू उठायचं. दिवसा जमत नसेल तर रजा काढ, माणूस ठेव, काहीही कर. वहिनीच्या गळ्यात घातलंस तर मी आठ दिवसांत येऊन आईला नेईन आणि पुन्हा तुझा फोन उचलणार नाही."

"चिमणे, हे तू बोलत नाहीयेस," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ती गोळी बोलतेय."

"असेल," ती म्हणाली. "चार वर्षं मी गप्प होते, ते कोण गप्प होतं? थकवा गप्प होता. तुला तो आवडत होता. मी गोळी जास्त सोसता यावं म्हणून घेत नाही, दादा. पुरे म्हणता यावं म्हणून घेते."

दादानं बायकोकडे पाहिलं. आधार शोधायला पाहिलं असणार. वहिनी फडक्याला हात पुसत म्हणाली, "माझ्या शिकवण्या चार ते सात असतात. त्या मी बंद करणार नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा." मग नणंदेकडे वळून, "जेवून जा. परतीची बस दोनला आहे."

जेवताना आईनं मुलाला ओळखलं नाही, पण त्याला वाढलं. निघताना काचवालीनं आईच्या डोक्यावरून हात फिरवला. "येते."

"या हं ताई," आई म्हणाली. "दार नीट लावून घ्या."

बसमध्ये ती रडली. दोन थांबे रडली. अपराधी वाटत होतं, ते वाटतच राहणार होतं, त्याला तिनं खिडकीशेजारची जागा दिली आणि आपण डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर आतली कडी आवाजाची पर्वा न करता ढकलली, झोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला उठली. काकांनी दुकान एकट्यानंच उघडलं होतं. "गोळी?" एवढंच विचारलं. ती पुन्हा वर जाऊन घेऊन आली.

पहिल्या आठवड्यात दादाचे अकरा फोन आले. आई चूळ भरत नाही, आई दार बडवते, आई मला 'साहेब' म्हणते. चौथ्या दिवशी त्यानं रजा काढली. दुसऱ्या आठवड्यात दिवसासाठी एक मदतनीस बाई मिळाली. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तोंडात फोड आले, त्याला पाणीही गिळवेना. ते त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, आश्चर्य म्हणून सांगितलं. मग एके संध्याकाळी सातला फोन आला आणि त्यानं आईबद्दल काहीच सांगितलं नाही.

"चिमणे, मला वाटलं नव्हतं असं असतं."

"मलाही नव्हतं वाटलं, सुरुवातीला."

"तू चार वर्षं..."

"हो."

त्याला पुढं काय म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं नाही, आणि तिनंही ते त्याच्या तोंडून काढून घेतलं नाही. पूर्वी तिनं लगेच म्हटलं असतं, असू दे रे, मी येते न्यायला. वाक्य जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. "डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "फोड दाखव आणि झोपेचंही सांग. लपवू नकोस."

सहाव्या आठवड्यात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिचा डावा हात उजेडात धरला, अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं. गुलाबी कातडी, कोरडी, घट्ट.

"कशानं भरली?" काचवालीनं विचारलं. "गोळीनं?"

"काय सांगू? या गोळ्यांनी शरीरातली नको ती आग काही जणांत कमी होते असं दिसलंय, काहींत नाही. त्यावर अजून वाद आहेत. शिवाय तू झोपलीस. जेवलीस. भावाच्या घरी बॅग ठेवून आलीस. यातल्या एकालाच श्रेय देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून औषध घेऊ नकोस."

"बंद कधी करायची?"

"बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने तरी घ्यायची. मग बघू. घाई आहे?"

"मला नाही."

बाईंनी पुढची चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता विचारलं, "भाऊ काय म्हणतो आता?"

"म्हणतो, दोन महिने फार होतात."

"मग? तू काय म्हणालीस?"

काचवालीनं चिठ्ठीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि उठली. "म्हटलं, हो. फार होतात."